शेवाळातल्या थप्प्या

तुमसर तालुक्यात विज्ञान कुठून येतं असं विचारलं, तर लोक शाळेकडे बोट दाखवतील. लोकांच्या बोटावर जाऊ नये. तालुक्यातलं विज्ञान सिहोऱ्याच्या बसथांब्यामागून, टेकचंद टेंभरे यांच्या ‘चंदा डेकोरेशन’ या दुकानातून येतं. लग्नाचं स्टेज, गणपतीचं मखर, वाढदिवसाच्या कमानी आणि आलेल्या-गेलेल्या पुढाऱ्याचं स्वागतद्वार, हे त्या दुकानाचं वर्षभराचं काम. पण दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या नाटकांच्या जत्रा, आटोपल्या, खळ्यावर धानाच्या मळणीचा चुरणा सुरू झाला, की शाळांची विज्ञान प्रदर्शनं लागतात. मग टेकचंदच्या दुकानात ज्वालामुखी, पवनचक्क्या, माणसाची हृदयं आणि चंद्रावर उतरणारी यानं दाटीवाटीनं उभी राहतात. पोरांच्या बुद्धीला वर्षातून एकदाच असा बहर येतो, आणि तो बापाच्या मोटरसायकलवर बसून येतो.

रीत ठरलेली होती. बाप यायचा आणि म्हणायचा, “टेकचंदभाऊ, पोराले सायन्सचं काही तरी बनवून द्या. लाईट लागली पायजे, अन् काही तरी फिरलं पायजे.” काय फिरवायचं ते टेकचंदनं ठरवायचं. मॉडेल तयार झालं की पोराला बोलावून त्याच्याकडून दोन वाक्यं पाठ करून घ्यायची. पहिलं, हे कशाचं मॉडेल आहे. दुसरं, हे मी स्वतः बनवलं आहे. पहिल्या वाक्यात पोरगं अडखळलं तर टेकचंद सोडून द्यायचा. दुसऱ्यात मात्र तो तडजोड करत नसे.

“खाली नोको पाहू. सरच्या डोळ्यात पाह्य,” तो शिकवायचा. “अन् ‘स्वतः’वर जोर दे. चोरी केल्यासारखा काहून बोलून राहिला बे?”

प्रदर्शनाच्या दिवशी साऱ्या शाळांची मॉडेलं त्याच्याच मालवाहू गाडीतून तुमसरच्या एका शाळेच्या हॉलात जायची. हॉलाच्या दाराला लावायचा मखमली पडदाही त्याचाच असे. परीक्षक फिरू लागले की टेकचंद त्या पडद्याआड उभा राहून ऐकायचा. एकामागून एक पोरगं छाती काढून सांगायचं, मी स्वतः बनवलं. मग सुखराम गुरुजी माईकवरून निकाल पुकारायचे, पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. सुखराम गुरुजी तालुक्यातले माईकचे मानकरी. त्यांच्या हातून माईक काढून घ्यायला विजेच्या खात्यालाच यावं लागतं, असं लोक म्हणत. टाळ्या पडत. बापाचंही नाव निघायचं, पण बाप चुकीचा असायचा. ज्यानं मॉडेलला हातपाय दिले तो पडद्याआड उभा.

हे शल्य जुनं होतं. जवान असताना टेकचंद मंडईच्या नाटकांचे पडदे रंगवत असे. भावांनी धानाची शेती धरली आणि यानं ब्रश धरला, म्हणून घरात त्याच्या नावानं बोटं मोडली जात. एका साली आंधळगावच्या मंडईत त्यानं रंगवलेला राजवाडा उघडला, आणि लोकांनी नायकाच्याही आधी राजवाड्याला टाळ्या दिल्या. पण गावोगाव वाटलेल्या हँडबिलावर नायक होता, खलनायक होता, हार्मोनियमवाला होता, लाईटवाला होता आणि तळाशी चहापाण्याची व्यवस्था पाहणाराही होता. पडदे रंगवणारा नव्हता. पुढे पडदे छापील आले आणि टेकचंदनं दुकान टाकलं. हँडबिल मात्र त्याच्या पोटात तसंच राहिलं.

“चहावाल्याचं नाव आलं, माह्यं नाही आलं,” हे वाक्य त्याची बायको निर्मलाबाई लग्नापासून जेवणाच्या ताटावर ऐकत आली होती. मुलगी चंदा तर त्या वाक्यावरच वाढली. इतर घरांत लेकरांना चिऊ-काऊची गोष्ट सांगतात, या घरात चहावाल्याची होती.

यंदा मात्र देवानं टेकचंदकडे पाहिलं, असं त्याला वाटलं. चंदा अकरावीला, विज्ञान शाखेत होती, आणि पहिल्यांदाच प्रदर्शनात उतरणार होती. पहिला नंबर आला की भंडाऱ्याला, जिल्ह्याला जायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुखराम गुरुजी माईकवरून पुकारणार, चंदा टेकचंद टेंभरे. पोरीच्या नावात मधोमध बापाचं नाव घालायची रीत ज्यानं पाडली, त्याला टेकचंदनं मनातल्या मनात हार घातला.

“सांग, काय बनवू तुले?” त्यानं विचारलं.

“काहीच नोका बनवू, बाबा. मी बनवतो,” चंदा म्हणाली. तिकडे पोरीही ‘मी बनवतो’च म्हणतात.

टेकचंद हसला. लेकरू आहे, म्हणाला, थकेल आणि येईल.

लेकरू थकलं नाही. कॉलेजात नव्या रिता मॅडम आल्या होत्या, तासिकेवरच्या. त्यांनी एकदा शेतातल्या बोडीचं पाणी आणवून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं, त्यात चंदा जन्मापासून पाय धुत होती. त्या थेंबात एकाच पेशीचं हिरवं गोल शेवाळ दोन केसांनी वल्हवत इकडून तिकडे फिरत होतं. त्याच्या पोटात वाटीसारखं एकच हरितलवक. मग मॅडमनी त्या हरितलवकाच्या आतला, फार मोठ्या यंत्रानं काढलेला फोटो दाखवला. आत पातळ पातळ पटलं होती, लांबच लांब, वाटीच्या काठानं वळत गेलेली. उन्हापासून अन्न करायचं काम त्या पटलांवर चालतं. चंदा तो फोटो पाहतच राहिली. घरी येऊन चुलीपाशी आईला सांगू लागली.

“आई, रोवण्याच्या बायांसारखे हायेत वो ते. दोघी संग चालते, तिसरी येऊन मिळते, पुढं एक सुटते अन् बाजूच्या रांगेत जाते. कुठं दोन, कुठं तीन, जास्तीत जास्त सहा. ढीग कुठंच नाही.”

निर्मलाबाईला हरितलवक समजलं नाही, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, समजला. तिनं पेटीतलं जुनं हिरवं लुगडं काढून दिलं. चंदानं त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या, भाताच्या खळीत बुडवल्या आणि सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बांबूच्या कामट्यांवर वाळत घातल्या. वाळल्यावर त्या पट्ट्यांना आपसूक लाटा आल्या. फुटक्या मडक्याचा खालचा भाग म्हणजे हरितलवकाची वाटी. पिष्ट साठतं त्या जागी तांदळाच्या पिठाचा गोळा. पट्ट्या तिनं त्या मडक्यात एकेक करून लावल्या, दोन जवळ, मग तीन, मग एक सुटी. तिच्या बोटांना खळीचा वास लागला होता आणि ती इतकी खूश होती की जेवायला हाक मारली तर ऐकू जात नसे.

टेकचंदनं ते पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडाची चवच गेली.

“हे काय हाय?”

“पटलं हायेत, बाबा. शेवाळाच्या आतले.”

“अन् थप्पी कुठं हाय?”

आता टेकचंदला हरितलवक शिकवायची गरज नव्हती. त्यानं आजवर इतकी हरितलवकं बनवून दिली होती की झाडांनीही बनवली नसतील. पुस्तकातलं पानाचं चित्र त्याला पाठ होतं. हिरव्या चकत्या एकावर एक, नाण्यांच्या चळतीसारख्या. मॅडम लोक त्याला काय म्हणायचं ते म्हणोत, टेकचंद त्याला थप्पी म्हणायचा. या भागात थप्पी हा शब्द साधा नाही. राईस मिलच्या गोदामात धानाची पोती एकावर एक रचतात ती थप्पी, आणि माणसाची किंमत तिच्या उंचीवरून होते. सोयरीक जुळवायला आलेले लोकही आधी गोदामाकडे नजर टाकतात, पोराकडे मागून.

“शेवाळात थप्पी नाही रायत,” चंदा म्हणाली. “पानात रायते. शेवाळात दोन ते सहाच.”

“दोन पोत्याची थप्पी? ते तं दिवाळं निघाल्यावानी दिसते वो.”

“असंच असते, बाबा. रिता मॅडमनं फोटो दाखवला.”

“मॅडम तासिकेवरची ना?” टेकचंद म्हणाला. म्हणजे मॅडमची नोकरीच जिथे पक्की नाही तिथे त्यांचं शेवाळ कसं पक्कं असेल, असा त्याचा हिशेब. चंदानं मान वर केली.

“बाबा, तुमी ह्याले हात नोका लावू. सांगून ठेवतो.”

“नाही लावत,” टेकचंद म्हणाला, आणि त्या वेळी तो खरंच बोलत होता.

त्याच आठवड्यात तुमसरचे राईस मिलवाले भैय्याजी आपल्या पिंटूला घेऊन आले. पिंटू बारावीत होता आणि मोबाईलमध्ये होता.

“टेकचंद, हरितलवक म्हणजे काय, ते मले माहीत नाही,” भैय्याजी खुर्चीत बसत म्हणाले. माहीत नाही हे त्यांनी अशा तोऱ्यात सांगितलं की माहीत असणाऱ्याला लाज वाटावी. “पण मागच्या साली डॉक्टरच्या पोरानं नेलं होतं, त्याच्याहून मोठं पायजे. ह्या हिरव्या हिरव्या थप्प्या असते ना, त्या उंच करून टाक.”

“पानाचं करून देतो, भैय्याजी. थप्पी छतापर्यंत नेतो.”

“हां. थप्पी उंच असली का दुरूनच समजते, कोणाच्या घरचं हाय.”

टेकचंदनं जीव ओतून काम केलं. फोमच्या हिरव्या चकत्या कापल्या, एकावर एक चढवल्या, वर चमकी भुरभुरवली, आतून निळ्या लाईटची माळ फिरवली आणि खाली मोटर बसवून सगळं हरितलवक गरगर फिरतं केलं. पान स्वतः इतकं फिरलं असतं तर झाडाला चक्कर आली असती. चिकटवायला त्याचा खास डिंक होता. बाजारातल्या गोंदात तो काय मिसळायचा ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. एकदा त्याची गाडी नाल्यात उलटली, तर ड्रायव्हरचा हात मोडला, पण गाडीतल्या हृदयाची एकही नळी हलली नाही. टेकचंदचं चिकटवलेलं सुटत नाही, ही त्या भागातली म्हण झाली होती.

रोज दुकानात पिंटूचं हरितलवक उंच होत होतं आणि घरी सपरीत चंदाचं तसंच बुटकं राहत होतं. टेकचंद येता-जाता त्या मडक्याकडे पाहायचा. हॉलात ही दोन्ही मॉडेलं एकाच गटात, एकाच रांगेत लागणार. एक राजवाड्यासारखं, आणि दुसरं फुटक्या मडक्यातलं फाटकं लुगडं. ज्या बापानं तालुक्याला विज्ञान पुरवलं त्याच्या लेकीच्या पदरी हे. लोक काय म्हणतील, याहून त्याला दुसरी भीती होती. सुखराम गुरुजी माईकवरून पिंटूच्या मधे भैय्याजींचं नाव घेतील, आणि टेकचंद पडद्याआडच राहील.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चंदा तुमसरला चार्टपेपर आणायला गेली. टेकचंद पॅकिंगसाठी जुने पेपर घेऊन सपरीत बसला. सगळ्यांची मॉडेलं तोच बांधत असे, तिचंही तोच बांधणार होता. पिशवीत पिंटूच्या कामातून उरलेल्या चकत्या होत्या. त्यानं एक काढली. लुगड्याच्या दोन पट्ट्यांच्या मधे ठेवून पाहिली. बरी दिसली. तिच्यावर दुसरी ठेवली. आणखी बरी दिसली.

दारूचं आणि सजावटीचं सारखंच असतं, पहिल्या दोनांनंतर माणूस मोजत नाही. टेकचंदनं मडक्यात जिथे जिथे जागा दिसली तिथे थप्पी उभी केली, आपल्या डिंकानं पक्की केली. लाटा लाटा गेलेल्या पट्ट्यांना त्यानं ओढून सरळ केलं, कारण त्या त्याला सैल वाटत होत्या. तांदळाच्या गोळ्याला चमकी लावली. निळी माळ फिरवली आणि तिचा सेल मडक्याखाली बसवला.

निर्मलाबाई खळ्यावरून आली आणि पाहतच उभी राहिली.

“तिनं नोका म्हटलं होतं ना?”

“तुले नाही समजत. हॉलात उघडंल तवा पाह्य कशी खूश होते ते.”

“ते खूशच होती,” निर्मलाबाई म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

टेकचंदनं मडक्याला पेपर गुंडाळले, वरून सुतळी बांधली. संध्याकाळी चंदा आली तेव्हा त्यानं सांगून टाकलं की पॅक झालं आहे, आता उघडलं तर तुटेल, हॉलातच उघड. बापाच्या पॅकिंगवर अविश्वास दाखवायचं चंदाला काही कारण नव्हतं. तिनं रात्री आपलं सांगायचं ते दोनदा आईला म्हणून दाखवलं. टेकचंद बाजेवर पडून ऐकत होता. पोरगी छान बोलत होती. डोळ्यात पाहून बोलत होती. कुणीही शिकवलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी हॉलात चंदानं सुतळी सोडली. टेकचंद पडद्याआडून पाहत होता, तिच्या तोंडावरचं हसू पाहायला त्यानं पडद्याची कड बाजूला केली होती. चंदानं पेपर काढला आणि तिचे हात थांबले. तिनं एक थप्पी धरून हलकेच ओढली. थप्पी निघाली नाही. जोरानं ओढली तेव्हा खालची लुगड्याची पट्टी टर्रकन फाटली. चंदानं हात मागे घेतला. पडद्याआड टेकचंदला आपला डिंक चांगला आहे याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

तेवढ्यात परीक्षक आले. भंडाऱ्याहून आलेले हेमराज सर, निवृत्त प्राध्यापक, चष्मा कपाळावर आणि चालणं सावकाश. त्यांच्या मागे माईक घेऊन सुखराम गुरुजी. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर साऱ्या हॉलाला ऐकवायची जबाबदारी गुरुजींनी स्वतःहून घेतली होती.

आधी पिंटू लागला. हरितलवक गरगर फिरत होतं. भैय्याजी शेजारी उभे राहून असे हसत होते की जणू ऊनही त्यांच्याच मिलमधून जातं.

“कुणी बनवलं?” हेमराज सरांनी विचारलं.

“मी स्वतः बनवलं आहे,” पिंटू म्हणाला. ‘स्वतः’वर जोर अगदी बरोबर पडला होता.

“कशापासून?”

“मटेरियलपासून, सर.”

सर पुढे सरकले. दहा टेबलांवर त्यांना निळ्या माळा दिसल्या, तीच चमकी, तोच हिरवा रंग, आणि प्रत्येक टेबलावर एकेक ‘स्वतः’. मग ते चंदापाशी आले.

“कशाचं आहे, बेटा?”

“हिरव्या शेवाळाच्या हरितलवकातली पटलरचना, सर. बोडीतल्या पाण्यात असते ते शेवाळ.”

“अरे वा. किती पटलं एकत्र असतात?”

“दोन ते सहा, सर.”

हेमराज सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाकून एका थप्पीतल्या चकत्या मोजू लागले. बाराच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. त्यांनी फाटलेली पट्टी पाहिली, तिच्या टोकाशी उरलेली लाट पाहिली, आणि पोरीकडे पाहिलं. माणूस चांगला होता. चांगली माणसं कधी कधी हातानं दार उघडून देतात.

“हे पानाचं असेल ना?” ते हळूच म्हणाले. “कार्डावर विषय लिहिताना चूक झाली असेल. पानात असतात अशा उंच चळती. पानाचं म्हणालीस तर सगळं बरोबर आहे, आणि तू बोलतेसही छान.”

सुखराम गुरुजींनी हे हळूच बोललेलंही माईकमध्ये घेतलं. साऱ्या हॉलाला कळलं की एक हो म्हटलं की पोरगी भंडाऱ्याला. टेकचंदच्या हातात पडद्याची कड गच्च आवळली गेली. म्हण, तो मनातल्या मनात म्हणत होता, हो म्हण. त्याला शब्द दिसत होते, चंदा टेकचंद टेंभरे.

“नाही, सर,” चंदा म्हणाली. “शेवाळाचंच आहे. पट्ट्या मी लावल्या. ह्या थप्प्या मी नाही केल्या.”

“मग कुणी केल्या?”

“माझ्या बाबांनी.”

“नाव काय त्यांचं?”

माईक चंदाच्या तोंडापाशी होता. तिनं सरांच्या डोळ्यात पाहिलं.

“टेकचंद टेंभरे,” ती म्हणाली.

भैय्याजींनी आपल्या फिरणाऱ्या हरितलवकाकडे पाहिलं आणि मग छताकडे. हृदयाचा बाप ज्वालामुखीच्या बापाकडे पाहत नव्हता, ज्वालामुखीचा बाप कुणाकडेच पाहत नव्हता. हेमराज सरांनी सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली. समजायचं ते समजले असावेत. पण त्यांना चारची गाडी पकडायची होती, आणि सत्य तर काय, पुढच्या वर्षीही तिथेच सापडणार होतं.

निकाल लागला. मॉडेल विद्यार्थ्यानं स्वतः तयार केलेलं असावं, असा नियम होता, आणि त्या नियमाप्रमाणे चंदाचं मॉडेल स्पर्धेतून बाद झालं. सबंध हॉलात दुसऱ्याची मदत घेतलेली एवढी एकच मुलगी निघाली, हे तालुक्याच्या दृष्टीनं अभिमानाचंच होतं. पहिला नंबर पिंटूचा आला. गुरुजींनी नाव पुकारलं, मधे भैय्याजींचं. टाळ्या पडल्या, जरा घाईघाईनं पडल्या. रिता मॅडम चंदाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. परवा पुन्हा तासिकेवर यायचं असलेल्या माणसानं काय बोलावं.

टेकचंद पडद्याआडून बाहेर आला तेव्हा लोकांनी त्याला वाट करून दिली. नेहमी त्याला ढकलून जाणारे लोक आज बाजूला होत होते. आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं होतं, सगळ्या तालुक्यासमोर, माईकवरून, स्पष्ट उच्चारात.

परतीला गाडी रिकामी होती. मॉडेलं हॉलातच पडून राहिली होती, घरी न्यायची कुणाला हौस नव्हती. चंदा पुढे, गाडी चालवणाऱ्या बापाशेजारी बसली, मांडीवर मडकं घेऊन. तुमसर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानशेतांच्या बांध्या सुरू झाल्या.

“मी चांगल्यासाठीच केलं वो,” शेवटी टेकचंद म्हणाला.

“मले माहीत हाय.”

“मंग माह्यं नाव कायले घेतलं? सर तं रस्ता देऊन राहिले होते. पान म्हटलं असतं, का पहिला नंबर होता.”

चंदानं मांडीवरचं मडकं सरळ केलं.

“लहानपणापासून तुमीच सांगता ना, बाबा,” ती म्हणाली. “चहावाल्याचं नाव आलं, तुमचं नाही आलं. म्हणून घेतलं.”

टेकचंदनं गाडी हळू केली. पडद्याआडून त्यानं उभं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं ऐकली होती. कुठलं मनापासून आलं आणि कुठलं पाठ केलेलं, ते तो डोळे मिटून सांगत असे. हे वाक्य पोरगी मायेनं बोलली की रागानं, ते त्याला कळेना. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिची मान खाली होती. मडक्यातली निळी माळ अजून लुकलुकत होती आणि चंदा एका थप्पीखालचा डिंक नखानं खरवडत होती. डिंक सुटत नव्हता.